रुपयाची हुंडणावळ, किंमतपातळी आणि व्याजदर : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८७३ ते १९२७)

प्रस्तावना

कोणत्याही देशाच्या चलनाला दोन प्रकारचे मूल्य असते. देशात त्या चलनाच्या मोबदल्यात किती धान्य, कापड व श्रम मिळतात, हे त्याचे अंतर्गत मूल्य होय. परकीय चलनाच्या तुलनेत ते कितीला विकले जाते, हे त्याचे बाह्य मूल्य होय. पहिले मूल्य किंमतपातळीवरून समजते, तर दुसरे हुंडणावळीच्या म्हणजेच विनिमयाच्या दरावरून समजते. यांच्या जोडीला व्याजदर हा तिसरा घटक येतो. चलन काही काळ वापरण्यास मिळावे म्हणून जे मोल द्यावे लागते, ते व्याज होय.

या तिन्ही घटकांचा परस्परसंबंध अर्थशास्त्रात सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे मांडला जातो. ज्या देशात इतर देशांच्या तुलनेने भाववाढ अधिक होते, त्या देशाचे चलन कालांतराने स्वस्त होते. ज्या चलनाची घसरण अपेक्षित असते, त्या चलनातील कर्जावर धनको अधिक व्याज मागतो. उलटपक्षी, चलनाची टंचाई निर्माण केल्यास व्याजदर चढतात, किमतींवर दाब येतो आणि चलनाचे बाह्य मूल्य वर जाते. हे नियम पुस्तकात जितके सरळ दिसतात तितके ते व्यवहारात सरळ नसतात. त्यांमागे शासनाचे निर्णय असतात आणि त्या निर्णयांचा भार समाजातील सर्व वर्गांवर सारखा पडत नाही. १८७३ ते १९२७ या काळातील रुपयाचा इतिहास हे या विधानाचे ठळक उदाहरण आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, या कालखंडात रुपयाच्या हुंडणावळीत झालेल्या बदलांची कारणे पाहणे. दुसरे, त्या बदलांचा किंमतपातळी व व्याजदर यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे. तिसरे, हुंडणावळ स्थिर ठेवण्याच्या धोरणाचा शेतकरी, कामगार व व्यापारी यांच्यावर झालेला परिणाम तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन समजण्यास सुलभ व्हावे म्हणून हे ध्यानात घ्यावे की, त्या काळी १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स होते. म्हणजेच १ पौंडाचे २४० पेन्स होत. रुपयाचा दर पेन्समध्ये सांगण्याची प्रथा असल्यामुळे आकडा वाढला की रुपया वधारला आणि आकडा कमी झाला की रुपया घसरला, असे समजावे.

रौप्य परिमाण आणि रुपयाची घसरण (१८७३ ते १८९३)

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या संपूर्ण प्रदेशासाठी १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया निश्चित झाला. टांकसाळी सर्वांना खुल्या होत्या. कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्ता येथील टांकसाळीत जावे आणि अल्प टांकणावळ देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे रुपयाचे मूल्य त्यातील चांदीच्या मूल्याशी बांधलेले होते. इंग्लंडचे चलन मात्र सोन्यावर आधारलेले होते. साहजिकच रुपया व पौंड यांचा दर म्हणजे प्रत्यक्षात चांदी व सोने यांच्यातील दर होता.

१८७० पर्यंत रुपया सुमारे २ शिलिंगांच्या आसपास होता. त्यानंतर परिस्थिती पालटली. जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारले आणि आपली चांदी बाजारात आणली. फ्रान्स व त्याच्या सहकारी देशांनी १८७४ पासून चांदीच्या नाणेपाडणीवर मर्यादा घातली. अमेरिकेतील नेवाडा प्रांतातील खाणींतून चांदीचे उत्पादन वाढले. मागणी घटली आणि पुरवठा वाढला, त्यामुळे चांदीचा सोन्यातील भाव कोसळला आणि त्याबरोबर रुपयाही घसरत गेला.

या घसरणीच्या काळात इंग्लंडमध्ये, म्हणजे सुवर्ण परिमाणाच्या देशात, किमती उतरत होत्या, तर भारतात त्या स्थिर किंवा हळूहळू चढत्या होत्या. दोन देशांच्या किंमतपातळ्या एकमेकींपासून दूर जात होत्या आणि त्या अंतराचे प्रतिबिंब हुंडणावळीत पडत होते. रुपयाची भारतातील क्रयशक्ती फारशी ढासळली नव्हती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. लंडनमध्ये 'रुपया कोसळला' असे म्हटले जात असताना दख्खनमधील शेतकऱ्याला एका रुपयात पूर्वीच्या मानाने फार कमी ज्वारी मिळत होती असे नाही. या घसरणीचा मोठा ताण शासनाच्या तिजोरीवर आला.

हा ताण 'होम चार्जेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खर्चामुळे निर्माण झाला. भारतमंत्र्याचे कार्यालय, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च, रेल्वे व इतर कर्जांवरील व्याज यांसाठी भारत सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत रक्कम द्यावी लागे. त्यासाठी भारतमंत्री लंडनमध्ये 'कौन्सिल हुंड्या' विकत असे. त्या विकत घेणाऱ्यास भारतातील सरकारी खजिन्यातून रुपये मिळत. १८७३-७४ मध्ये सुमारे १ कोटी ३३ लाख पौंड पाठविण्यासाठी १४ कोटी २७ लाख रुपये लागले. १८९२-९३ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख पौंडांसाठी २६ कोटी ४८ लाख रुपये द्यावे लागले. जुना दर कायम असता तर याच रकमेसाठी १७ कोटी ७५ लाख रुपये पुरेसे झाले असते. म्हणजे केवळ हुंडणावळीच्या घसरणीमुळे एका वर्षात पावणेनऊ कोटींच्या घरात अधिक भार पडला. तो भरून काढण्यासाठी १८८६ मध्ये प्राप्तिकर बसविण्यात आला आणि १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. लंडनच्या बाजारातील चांदीच्या भावाचा परिणाम अशा रीतीने येथील गरिबाच्या मिठापर्यंत येऊन पोहोचला.

अपेक्षित घसरण आणि व्याजदरातील अंतर

याच काळातील भारतीय कर्जरोख्यांनी व्याजदर व हुंडणावळ यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा पुरावा उपलब्ध करून दिला. भारत सरकारचे काही रोखे पौंडांत, तर काही रुपयांत फेडावयाचे होते. दोन्ही प्रकारच्या रोख्यांचे व्यवहार लंडनच्या बाजारात होत. ऋणको एकच, त्याची पत एकच. फरक होता तो केवळ चलनाचा. त्यामुळे दोहोंवरील उत्पन्नात जे अंतर पडे, ते प्रामुख्याने गुंतवणूकदाराच्या रुपयाविषयीच्या अपेक्षेचे मोजमाप होते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच पुरावा वापरला. रुपयाची घसरण सुरू झाल्यावर रुपया-रोख्यांवरील उत्पन्न पौंड-रोख्यांवरील उत्पन्नाहून अधिक राहू लागले, हे त्यांनी दाखवून दिले. चलन घसरण्याची शक्यता धनकोने व्याजात मोजून घेतली होती. मात्र हे मोजमाप अपुरे होते. १८७३-७४ ते १८९२-९३ या काळात रुपया सरासरीने वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी घसरला, तर व्याजदरातील अंतर त्याहून बरेच कमी राहिले. रुपया लवकरच सावरेल, अशी आशा बाजाराला दीर्घकाळ वाटत होती. व्याजदर भविष्याचा वेध घेतो, परंतु तो वेध अचूक असेलच असे नाही, हा या उदाहरणातून मिळणारा बोध आजही उपयुक्त आहे.

टांकसाळी बंद : टंचाईतून दरवाढ (१८९३ ते १८९९)

लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी भारतातील टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या. रुपया चांदीपासून तोडून तो १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १ पौंडास १५ रुपये, या पातळीवर नेणे हे उद्दिष्ट होते. नवे रुपये पाडले गेले नाहीत आणि व्यापार व लोकसंख्या वाढत राहिली, तर रुपयाची टंचाई होईल आणि टंचाईमुळे त्याचे मूल्य वाढेल, असा हा तर्क होता. तो खरा ठरला, परंतु त्यास पाच वर्षे लागली.

तक्ता क्र. १ : रुपयाचा सरासरी दर (स्थूलमानाने)

१८७३-७४ : २२.४ पेन्स (१ पौंड = १०.७ रुपये)
१८९२-९३ : १५.० पेन्स (१ पौंड = १६.० रुपये)
१८९४-९५ : १३.१ पेन्स (१ पौंड = १८.३ रुपये)
१८९७-९८ : १५.४ पेन्स (१ पौंड = १५.६ रुपये)
१८९८-९९ : १६.० पेन्स (१ पौंड = १५.० रुपये)

वरील तक्त्यावरून असे दिसते की, टांकसाळी बंद झाल्यानंतर आरंभी रुपया आणखी घसरला आणि त्यानंतर सातत्याने चढत गेला. या चढाची किंमत प्रथम नाणेबाजाराने मोजली. कापूस व धान्याच्या हंगामात व्यापाऱ्यांना रोख रकमेची गरज वाढे, परंतु चलनाचा साठा वाढविण्याचा पूर्वीचा मार्ग बंद झाला होता. १८९७-९८ च्या हंगामात मुंबई व कलकत्ता येथील प्रेसिडेन्सी बँकांचे व्याजदर दहा टक्क्यांच्याही पुढे गेले. त्याच सुमारास बँक ऑफ इंग्लंडचा दर दोन ते चार टक्क्यांच्या दरम्यान होता.

एवढा फरक असताना लंडनमधील भांडवल मुंबईकडे का वाहिले नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर हुंडणावळीच्या अनिश्चिततेत सापडते. लंडनमधील धनकोने १०० पौंड रुपयांत रूपांतरित करून मुंबईत सहा महिन्यांसाठी दहा टक्के दराने गुंतविले, तर त्यास सुमारे पाच टक्के व्याज मिळणार होते. परंतु तेवढ्या अवधीत रुपया एका पेन्सनेही उतरला, तर पंधरा-सोळा पेन्सच्या दरावर सहा टक्क्यांहून अधिक तोटा होऊन सर्व व्याज बुडणार होते. मागील वीस वर्षांचा अनुभव पाहता ही भीती अनाठायी नव्हती. उंच व्याजदर भांडवल आकर्षित करतो हा नियम खरा आहे. मात्र चलनाच्या भावी दराविषयी विश्वास असेल तेव्हाच तो लागू पडतो. अखेर १८९८ च्या कायद्याने लंडनमध्ये ठेवलेल्या सोन्याच्या आधारावर भारतात नोटा काढण्याची तरतूद करून ही टंचाई सौम्य करावी लागली.

ही घटना ज्या काळात घडली तो काळही विसरता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळात धान्याचे भाव वाढले. ही भाववाढ चलनाच्या विपुलतेमुळे झालेली नसून अन्नाच्या तुटवड्यामुळे झालेली होती. म्हणजेच चलन आखडलेले, व्याज महाग आणि धान्यही महाग, अशा तिहेरी कोंडीत ग्रामीण समाज सापडला.

त्यात चांदीच्या दागिन्यांचा प्रश्न भर घालणारा ठरला. शेतकरी कुटुंबाची बचत तोडे, वाळे, गोठ, सरी अशा चांदीच्या दागिन्यांत असे. १८९३ पूर्वी अशा चांदीचे रुपये पाडून घेता येत असल्यामुळे एका रुपयाइतक्या शुद्ध चांदीची किंमत जवळपास एक रुपयाच होती. टांकसाळी बंद झाल्यावर हा दुवा तुटला. १८९८ च्या सुमारास लंडनमध्ये चांदीचा भाव औंसास सुमारे २७ पेन्स होता. त्या हिशेबाने रुपयातील १६५ ग्रेन शुद्ध चांदीची किंमत सुमारे १० पेन्स होते, तर रुपया स्वतः १६ पेन्सला विकला जात होता. चांदीवरील आयातकर जमेस धरला तरी एका रुपयाइतक्या चांदीचे बाजारात दहा-साडेदहा आणेच येत. दुष्काळात दागिने मोडण्यासाठी सराफाकडे गेलेल्या कुणब्याच्या बचतीतून एक तृतीयांशाहून अधिक मूल्य असे निघून गेले होते. सारा मात्र त्याला पूर्ण सोळा आण्यांच्या रुपयांतच भरावा लागत होता.

दादाभाई नौरोजी यांनी फौलर समितीपुढे टांकसाळी बंद करण्यास विरोध केला, त्यामागे हेच तत्त्व होते. रुपया कृत्रिमरीत्या महाग केल्यास तोच सारा भरण्यासाठी रयतेला अधिक माल विकावा लागेल, म्हणजे आकडा न वाढविताही कर वाढेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. रयतवारी पद्धतीत साऱ्याची रक्कम तीस वर्षांसाठी रुपयांत ठरलेली असल्यामुळे हा युक्तिवाद मुंबई इलाख्यास विशेषत्वाने लागू पडत होता. मुंबईच्या सूतगिरण्यांनाही झळ बसली. त्यांचे सूत मुख्यतः चीनमध्ये जाई आणि चीनचे चलन चांदीवरच राहिले होते. रुपया चांदीपासून वेगळा होऊन वधारल्यामुळे चिनी ग्राहकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले.

सुवर्ण विनिमय परिमाण आणि नाणेबाजार (१८९९ ते १९१४)

१८९९ च्या कायद्याने ब्रिटिश सॉव्हरिन १५ रुपयांच्या दराने वैध चलन ठरले. पुढील काही वर्षांत अशी व्यवस्था आकारास आली की, देशात चांदीचे रुपये व नोटा चालत आणि त्यांचे बाह्य मूल्य लंडनमधील सुवर्ण परिमाण निधीच्या आधारे १ शिलिंग ४ पेन्सच्या जवळ राखले जाई. दर वर जाऊ लागला की कौन्सिल हुंड्या विकावयाच्या आणि तो खाली जाऊ लागला की भारतात लंडनवरील उलट्या हुंड्या विकावयाच्या, असे हे तंत्र होते. १९०७-०८ मध्ये अमेरिकेतील आर्थिक अरिष्ट आणि येथील अपुरा पाऊस यांमुळे दर घसरू लागला, तेव्हा सुमारे ८० लाख पौंडांच्या उलट्या हुंड्या विकून तो सावरण्यात आला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात या पद्धतीचे समर्थन केले.

हुंडणावळ स्थिर झाली, परंतु इतर दोन घटक स्थिर झाले नाहीत. शासनाने मोठ्या प्रमाणावर रुपये पाडले आणि किमती वाढत गेल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात या भाववाढीचा संबंध वाढत्या नाणेपाडणीशी जोडला. त्यापूर्वी १९०२ मधील अंदाजपत्रकावरील आपल्या प्रसिद्ध भाषणात त्यांनी दुसरी बाजू मांडली होती. रुपया घसरत असताना तुटीच्या नावाखाली जे कर वाढविले गेले, ते रुपया वधारल्यानंतरही तसेच ठेवण्यात आले. म्हणून शासनाची शिल्लक ही समृद्धीची खूण नसून ती रयतेकडून घेतलेली जादा रक्कम आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९०३ मध्ये मिठावरील कर पुन्हा २ रुपयांवर आणण्यात आला आणि पुढे तो आणखी कमी झाला.

व्याजदरांचा प्रश्न या काळातही सुटला नाही. पावसाळ्यात तीन-चार टक्क्यांवर असणारे बँकांचे दर हंगामात सात-आठ टक्क्यांवर जात. याच महिन्यांत सारा वसूल होऊन पैसा बाजारातून सरकारी खजिन्यात जाऊन पडत असे. भारताच्या शिलकेचा मोठा भाग लंडनमध्ये ठेवलेला असे आणि तेथील बाजारात तो कमी व्याजाने उसना दिला जाई. रुपयाचा दर लंडनमध्ये राखावयाचा म्हणून निधीही लंडनमध्ये, असा हा न्याय होता. परिणामी भारताचा पैसा लंडनच्या बाजारात स्वस्त आणि भारतीय व्यापाऱ्याला स्वतःच्या बाजारात महाग, ही विसंगती कायम राहिली.

युद्धोत्तर गोंधळ : दोन शिलिंगांचा प्रयोग

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीचा भाव झपाट्याने वाढला. रुपयातील चांदी रुपयाहून महाग होऊन नाणी वितळविली जाण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून १९१७ पासून दर टप्प्याटप्प्याने वाढवीत डिसेंबर १९१९ मध्ये तो २ शिलिंग ४ पेन्सपर्यंत नेण्यात आला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने १९२० मध्ये रुपया २ शिलिंग सोन्यावर स्थिर करण्याची शिफारस केली. मुंबईचे दादीबा मेरवानजी दलाल यांनी या शिफारशीस विरोध करून जुना १ शिलिंग ४ पेन्सचा दर कायम राखण्याचे मत भिन्न मतपत्रिकेत नोंदविले.

समितीचा अंदाज लवकरच कोसळला. जगभरातील किमती १९२० मध्ये उतरू लागल्या, भारतीय मालाची मागणी घटली आणि चांदीचा भावही उतरला. युद्धकाळात भारतातील किमती जवळपास दुप्पट झालेल्या असताना रुपयाचे बाह्य मूल्य मात्र युद्धपूर्व दराच्या दीडपट ठरविण्यात आले होते. अंतर्गत क्रयशक्तीशी विसंगत असा दर टिकणे शक्य नव्हते. तरीही तो टिकविण्यासाठी सप्टेंबर १९२० पर्यंत सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या उलट्या हुंड्या विकण्यात आल्या. १५ रुपयांच्या हिशेबाने साठविलेले पौंड सात ते साडेदहा रुपयांना दिले गेले. अखेर प्रयत्न सोडून देण्यात आला आणि १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला. दोन शिलिंगांचा दर गृहीत धरून विलायती मालाची मागणी नोंदविणारे व्यापारी त्यात भरडले गेले. १०० पौंडांच्या ज्या मालासाठी त्यांनी १,००० रुपये धरले होते, त्याचे १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने १,५०० रुपये होत होते.

सोळा की अठरा पेन्स : वाद कोणाच्या हिताचा?

यानंतर शासनाने चलनविस्तार रोखून धरला. १९२३-२४ च्या हंगामात इम्पीरियल बँकेचा दर नऊ टक्क्यांपर्यंत चढला. टंचाईतून दरवाढ या १८९३ च्या सूत्राचीच ही पुनरावृत्ती होती. १९२५ मध्ये पौंड सुवर्ण परिमाणावर परतला आणि रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर आला. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये हाच दर कायम करण्याची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्न मतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर निश्चित झाला.

दोन पेन्सचा हा फरक क्षुल्लक नव्हता. लिव्हरपूलमध्ये एक पौंडास विकल्या जाणाऱ्या कापसाचे १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने १५ रुपये होत, तर १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणेच होत. सारा व सावकाराचे कर्ज मात्र रुपयांत ठरलेले असल्यामुळे ते तेवढेच राहत होते. वऱ्हाड-खानदेशातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने हुंडणावळीतील वाढ म्हणजे मालाच्या भावातील घट आणि कर्जाच्या बोजातील वाढ होती. सावकाराने व्याजाचा दर वाढविला नाही, तरी ते व्याज फेडण्यासाठी अधिक कापूस विकावा लागत होता. भाव उतरत असताना व्याजाचा वास्तविक दर कसा वाढतो, याचे हे उदाहरण होय.

तथापि या वादाला दुसरी बाजूही होती आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. १९२३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात त्यांनी असे दाखविले की, घसरत्या हुंडणावळीमुळे निर्यातदारांना होणारा नफा परदेशी ग्राहकाकडून येत नाही. किमती वाढतात, परंतु मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणून तो नफा मजुराच्या वाट्यातून येतो. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही कोणत्या दराने कोणत्या वर्गाचे हित साधते, या मुद्द्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याच महिन्याच्या प्रारंभी मुंबईतील गिरणी कामगारांचा दीर्घ संप मिटला होता. मालकांनी जाहीर केलेल्या साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध तो संप होता आणि कापडावरील अबकारी कर स्थगित झाल्यानंतर कपात मागे घेण्यात आली. वधारलेल्या रुपयाचा भार मालक कामगारावर टाकू पाहत होते आणि घसरलेल्या रुपयाचा भार महागाईच्या रूपाने पुन्हा कामगारावरच पडणार होता. डॉ. आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच केवळ सैद्धान्तिक नव्हता.

सुवर्ण विनिमय परिमाणात रुपयाच्या निर्मितीवर पुरेशी मर्यादा नसते, म्हणून हुंडणावळ काही काळ स्थिर दिसली तरी अंतर्गत किमती स्थिर राहत नाहीत, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. चलनाची सर्वसाधारण क्रयशक्ती स्थिर ठेवावी, ती स्थिर राहिल्यास हुंडणावळ आपोआप मर्यादेत राहील, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी रुपये पाडण्याचा शासनाचा अधिकारही बंद करावा व चलनसंख्येवर निश्चित मर्यादा घालावी, असे त्यांनी सुचविले.

निष्कर्ष

१. हुंडणावळीचा दर दीर्घकाळात दोन देशांच्या किंमतपातळ्यांच्या प्रमाणापासून फार दूर राहू शकत नाही. १९२० मधील दोन शिलिंगांच्या प्रयोगाचे अपयश हे याचे प्रत्यंतर आहे.

२. चलनाच्या घसरणीची अपेक्षा व्याजदरात उतरते. रुपया-रोखे व पौंड-रोखे यांच्या उत्पन्नातील अंतरावरून हे सिद्ध होते. मात्र बाजाराची ही अपेक्षा प्रत्यक्ष घसरणीपेक्षा कमी असू शकते.

३. केवळ उंच व्याजदराने परकीय भांडवल येत नाही. चलनाच्या भावी दराविषयी विश्वास नसेल तर दहा टक्के व्याजही अपुरे पडते, हे १८९७-९८ च्या अनुभवावरून दिसते.

४. चलनाची टंचाई करून हुंडणावळ वाढविता येते, परंतु त्याची किंमत महाग व्याज, शेतमालाचे उतरलेले भाव आणि कर्जाचा वाढलेला वास्तविक बोजा या रूपांत मोजावी लागते.

५. हुंडणावळ, किंमतपातळी व व्याजदर यांपैकी एक घटक शासनाने जखडून ठेवला की बदलाचा सर्व ताण उरलेल्या दोहोंवर येतो. वसाहतकाळात होम चार्जेसच्या सोयीसाठी हुंडणावळ जखडण्यात आली आणि ताण शेतकरी, कामगार व छोटे व्यापारी यांच्यावर आला.

१९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानेही १ शिलिंग ६ पेन्सचा दर राखण्याची जबाबदारी नव्या मध्यवर्ती बँकेवर टाकली होती. १९९३ मध्ये रुपयाचा दर मुख्यत्वे बाजारात ठरू लागला आणि २०१६ च्या दुरुस्तीने किंमतस्थैर्य हे नाणेधोरणाचे प्राथमिक उद्दिष्ट म्हणून कायद्यात नमूद झाले. चलनाच्या बाह्य मूल्याऐवजी अंतर्गत क्रयशक्तीला प्राधान्य द्यावे, हा विचार १९२३ मध्येच डॉ. आंबेडकरांनी मांडला होता; कायद्याने त्याची दखल घेण्यास नव्वदहून अधिक वर्षे जावी लागली. रुपया घसरला की वधारला या चर्चेत आकड्याकडे लक्ष जाते. त्या आकड्यासाठी कोणाच्या मजुरीची, कोणाच्या कापसाची आणि कोणाच्या घरातील चांदीची किंमत बदलली, हे पाहिल्याखेरीज ती चर्चा पूर्ण होत नाही, हेच या अर्धशतकाच्या इतिहासातून स्पष्ट होते.